हजार खाटांचे गणित

पुणे स्टेशनातून बाहेर पडून जिल्हाधिकारी कचेरीच्या दिशेने निघाले की ससून रुग्णालयाचे आवार लागते. तेथे दोन काळ एकमेकांशेजारी उभे आहेत. एक दगडी, कमानींचा, दीडशेहून अधिक पावसाळ्यांनी काळवंडलेला. दुसरा सिमेंटचा, अकरा मजल्यांचा. मान वर करून पाहिल्याशिवाय त्याचे शेवटचे मजले नजरेत येत नाहीत. रस्त्याने जाणारा माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, “केवढे मोठे इस्पितळ!” आणि ते खरेच मोठे आहे. पण इस्पितळाचे मोठेपण नेमके कशात मोजायचे, हा प्रश्न मला काही दिवस छळतो आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना जे पाहिले, जे वाचले, ते येथे सांगायचे आहे.

दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरातले कोणी ना कोणी एखाद्या दिवाळीत वॉर्डातल्या पलंगावर नव्हते, असे घर मला तरी माहीत नाही. तेव्हा वाचकांनी नाक मुरडू नये.

आपल्या सरकारी मराठीत रुग्णालय खाटांनी मोजतात. “तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय”, “शंभर खाटांचे उपजिल्हा रुग्णालय” असे शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत रोज दिसतात. भाषा शिकविणे हा माझा व्यवसाय, म्हणून अशा शब्दांशी मी थोडी घुटमळते. इस्पितळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. दवाखाना अरबी-फारसीतून आला. रुग्णालय आपण संस्कृतातून घडविले. खाट मात्र अगदी घरची. कदाचित म्हणूनच मंत्र्यांना ती आवडते. पाचशे खाटा म्हटले की समोर पाचशे माणसे निजलेली दिसतात, आणि लोकांना वाटते, काम झाले. पण गंमत अशी, की सगळ्या इस्पितळात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर मिळणारी वस्तू कोणती असेल, तर ती खाटच.

ससूनची जुनी इमारत १८६७ साली उघडली. बगदादहून मुंबईला येऊन स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ती उभी राहिली. ते स्वतः १८६४ साली पुण्यातच वारले, तेव्हा आपल्या नावाच्या इस्पितळात रुग्ण आलेले त्यांनी पाहिले नाहीत. त्यांची समाधी येथून जवळच, लाल देवळाच्या आवारात आहे. इमारतीचा आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. आरंभी तेथे १४४ रुग्णांची सोय होती. आज ससूनच्या खाटा हजारांवर गेल्या आहेत.

त्या काळच्या इस्पितळांच्या मागे एक विचार होता, आणि तो विचार बराचसा फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा. त्यांचे रुग्णालयांवरील पुस्तक १८५९ साली निघाले. ज्या जागेत आजारी माणसाला बरे करायचे, त्या जागेनेच त्याला आणखी आजारी पाडू नये, हे त्यांचे पहिले म्हणणे. यासाठी वॉर्ड लांबट, दोन्ही बाजूंना खिडक्या, तीस-बत्तीस रुग्ण, दोन खाटांमागे एक खिडकी, आणि एका टोकाला बसलेल्या परिचारिकेला सगळ्या खाटा एका नजरेत दिसाव्यात अशी रचना. बाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. पण येथल्या लष्करी छावण्यांचे आरोग्य, पाणी आणि गटारे यांवर त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले. त्यांच्या इस्पितळात यंत्र असे काही नव्हते. हवा खिडकीतून यायची, उजेड सूर्याचा, पाणी भरून आणायचे. इस्पितळ जमिनीवर आडवे पसरलेले असायचे, आणि त्याला जागा भरपूर लागायची.

याच ससूनमध्ये १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या एका कैद्याच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. कैदी म्हणजे महात्मा गांधी, आणि शस्त्रक्रिया करणारे होते कर्नल मॅडॉक. शस्त्रक्रियेला आपली संमती आहे, असे निवेदन तयार करायला श्रीनिवास शास्त्री आले होते. कारण तुरुंगातला कैदी इंग्रज डॉक्टरच्या हातून दगावला असता, तर देशात काय झाले असते हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. बाहेर वादळी पाऊस. अपेंडिक्स काढण्याचे काम चालू असतानाच वीज गेली. हाताशी धरलेली विजेरीही मध्येच निकामी झाली, आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. या प्रसंगातली महात्माजींची शांती सगळ्यांनी वाखाणली आहे. मला मात्र तो कंदील धरणारा हात दिसत राहतो. त्या काळी इस्पितळाला एका वेळी एकच गोष्ट दगा देऊ शकत होती, आणि तिला पर्याय म्हणून एक हात पुरत होता.

पुढे शहरे वाढली, जमिनीचे भाव वाढले, आणि आडवे पसरलेले इस्पितळ उभे राहू लागले. मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल उघडले, ते सात मजल्यांचे होते आणि त्यात खाटा होत्या फक्त ऐंशी! केवळ खाटांच्या हिशेबाने पाहणाऱ्याला हा शुद्ध उधळेपणा वाटेल. पण कर्करोगाच्या रुग्णाला खाटेइतकीच किरणोपचाराची, तपासणीची, संशोधनाची जागा लागते, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. आज तेथे सहाशेच्या वर खाटा आहेत.

इस्पितळ उभे झाले म्हणजे पहिली अडचण येते ती वर-खाली जाण्याची. चाकांच्या खुर्चीला किंवा खाटेला चढता येईल असा उतार बांधायचा, तर एक फूट चढायला साधारण बारा फूट लांबी लागते. मजल्याची उंची चार मीटर धरा. एका मजल्याला अठ्ठेचाळीस मीटर उतार झाला. तळमजल्यापासून दहा मजले चढायचे, तर जवळजवळ अर्धा किलोमीटर! रुग्णाची खाट ढकलत अर्धा किलोमीटर चढ कोण चढणार? म्हणून सगळा भार लिफ्टवर येतो. आमच्या सासूबाईंना एकदा एका मोठ्या रुग्णालयात सहाव्या मजल्यावर ठेवले होते. एक्स-रेची खोली तळमजल्यावर, आणि चारांपैकी दोन लिफ्ट बंद. खाली जायला पाऊण तास आणि वर यायला त्याहून अधिक वेळ लागला. शेजारी रांगेत जेवणाचे डबे, मळक्या चादरींची गाडी, आणि भेटीला आलेले सहा जणांचे एक कुटुंब, हातात शहाळी घेऊन. सासूबाई म्हणाल्या, “अगं, यापेक्षा मोटारीनं साताऱ्याला पोचले असते.”

माझे एक चुलतदीर इमारतींच्या कामावर अभियंते आहेत. उपनगरातल्या एका नव्या रुग्णालयाचे काम गेली काही वर्षे त्यांच्याकडे आहे. “वहिनी, एकदा येऊन बघा. तुमच्या कादंबऱ्यांत हे नसतं,” असा त्यांचा लकडा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दिवशी गेले. फाटकावरच पिवळे शिरस्त्राण डोक्यावर बसविण्यात आले. अंबाड्यावर ते काही केल्या ठरेना. शेवटी एका हाताने ते धरून मी सबंध इमारत हिंडले.

पायाचे काम केव्हाच झाले होते. पुण्यात काळा पाषाण फार खोल नसतो, हे भाऊजींच्या दृष्टीने भाग्य. भरावाच्या जमिनीवर मुंबईकरांना जे कष्ट पडतात, ते येथे पडत नाहीत. सांगाडाही उभा होता. वरच्या मजल्यावर स्लॅब पडत होता. काँक्रीटच्या गाड्या खाली रांगेत उभ्या होत्या. गाडी आली की तिच्यातल्या मालाचे पंधरा सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून ठेवायचे, ते पाण्यात मुरवायचे, आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात घालून दाबून फोडायचे. ठोकळा फुटायला किती भार लागला त्यावरून स्लॅबची ताकद कळते. ठोकळ्यांवर तारखा घातलेल्या होत्या, तपासलेल्या वह्यांवर घालावी तशी. मला एकदम आपलेपणा वाटला.

काम करणारी माणसे कुठली कुठली! सळई बांधणारे बंगालचे, सेंटरिंगवाले बिहारचे, फरशीवाले राजस्थानचे, आणि मुकादम मराठवाड्याचा. बिगारीवर काही बायका होत्या, त्या नांदेडकडच्या. त्यांच्या मुलांसाठी आवाराच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली होती आणि त्यात झोळी बांधली होती. “यात दवाखाना होणार, ठाऊक आहे ना?” असे मी एकीला विचारले. ती म्हणाली, “हाय की. पर तवर आमी दुसरीकडं आसू.”

“स्लॅब बघून लोक टाळ्या वाजवतात,” भाऊजी म्हणाले, “पण सांगाडा म्हणजे निम्मंसुद्धा काम नाही. आता खाली चला.” आणि त्यांनी मला पहिल्या मजल्यावर नेले. तेथे छत अजून झाकलेले नव्हते. वर पाहिले मात्र, आणि मी थक्क झाले. डोक्यावर नळ्यांचे आणि पत्र्याच्या बोगद्यांचे एक दुसरे शहरच लटकत होते. पिण्याचे पाणी, वापरायचे पाणी, गरम पाणी, आगीसाठीचे पाणी, सांडपाणी, ऑक्सिजन, दाबाखालची हवा, ओढून घेणारी पोकळी, विजेच्या तारा, दूरध्वनीच्या तारा. घरात आपण एक नळ आणि एक मोरी एवढ्यावर भागवतो. येथे प्रत्येक खाटेच्या उशाशी या सगळ्यांतले काही ना काही येऊन थांबते.

पाण्याचाच हिशेब पाहा. शंभराहून अधिक खाटांच्या रुग्णालयाला खाटेमागे दिवसाला ४५० लिटर पाणी धरावे, असे आपल्याकडचे मानक आहे, आणि त्यात धुलाई धरलेली नाही. हजार खाटांना साडेचार लाख लिटर झाले. शहरात माणशी १३५ लिटर धरतात. म्हणजे हजार खाटांचे इस्पितळ तेहेतीसशे वस्तीच्या गावाएवढे पाणी पिते. दहा हजार लिटरचे पंचेचाळीस टँकर, रोज. उन्हाळ्यात पाणीकपात झाली, तर आपण घरात बादली कमी वापरतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला हात कमी धुवा असे सांगता येत नाही.

मग हवा. नाइटिंगेलबाईंची उघडी खिडकी आता शस्त्रक्रियागृहात चालत नाही. तेथली हवा गाळलेली हवी, तासाला निदान वीस वेळा बदललेली हवी, आणि खोलीतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त हवा, म्हणजे दार उघडले तरी आतली हवा बाहेर जाईल, बाहेरची धूळ आत येणार नाही. हवेतून पसरणाऱ्या रोगाचा रुग्ण ज्या खोलीत असतो, तेथे बरोबर उलटे. तेथे दाब कमी हवा, म्हणजे आतली हवा बाहेर निसटणार नाही. एकाच मजल्यावर एका खोलीने बाहेर फुंकायचे आणि दुसरीने आत ओढायचे! हे करणारे पंखे आणि यंत्रे ठेवायला वेगळी जागा लागते. त्या जागेत एकही खाट मावत नाही, म्हणून खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड तेथेच पडते.

तळघरात एक खोली होती, तिच्या भिंती दोन मीटरहून जाड, सलग काँक्रीटच्या. मला वाटले, तिजोरीची खोली असेल. ती होती किरणोपचाराची. त्या यंत्राच्या किरणांना अडवायला मधे तेवढे काँक्रीट लागते, आणि ते एका दमात ओतावे लागते. दोन थरांमध्ये भेग राहिली तर तेथून किरण बाहेर येतील. शेजारच्या दालनाच्या भिंतीला मोठे भगदाड मुद्दाम ठेवलेले होते. एम.आर.आय.चे चुंबक कित्येक टनांचे. ते दारातून जात नाही. ते आत आणून बसवायचे, आणि मग भिंत बांधायची. “आणि दहा-बारा वर्षांनी यंत्र बदलायचं झालं तर?” मी विचारले. “तर तीच भिंत पुन्हा फोडायची. म्हणून कुठली भिंत फोडायची, ते आजच ठरवून ठेवायचं,” भाऊजी म्हणाले. इमारत बांधतानाच ती कुठे फोडायची हे ठरवून ठेवणारे शास्त्र मला फार प्रौढ वाटले.

ऑक्सिजनची टाकी बाहेर, आवाराच्या टोकाला असते. त्यात ऑक्सिजन द्रवरूपात, शून्याखाली १८३ अंशांवर ठेवलेला. एक लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू होतो. दहा हजार लिटरची टाकी म्हणजे ८६ लाख लिटर वायू, म्हणजे आपण पाहतो त्या मोठ्या सिलिंडरांपैकी बाराशेहून अधिक. हा आकडा ऐकून माणूस निश्चिंत होतो. पण फुफ्फुसे निकामी होत चाललेल्या रुग्णाला मिनिटाला साठ लिटरपर्यंत ऑक्सिजन लागू शकतो. अशा शंभर रुग्णांना ती अवाढव्य टाकी एक दिवस पुरते. एकच दिवस.

आणि टाकी भरलेली असूनही काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी गळू लागली. पांढरे धुके आवारभर पसरले, नळ्यांतला दाब उतरला, आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. खाटा होत्या, डॉक्टर होते, ऑक्सिजनही आला होता. १९२४ साली कंदील धरायला एक हात पुरला. येथे नातेवाईक सिलिंडर ओढत जिने चढत होते, आणि शंभर हात असते तरी पुरले नसते.

आगीचेही तसेच. घराला आग लागली तर आपण जिना उतरून रस्त्यावर पळतो. इस्पितळातला रुग्ण पळू शकत नाही, आणि आगीत लिफ्ट वापरायची नसते. म्हणून तेथे रुग्णाला खाली न्यायचे नसते, आडवे न्यायचे असते. प्रत्येक मजला आगरोधक भिंतींनी आणि दारांनी विभागायचा; एका भागात धूर झाला की खाटा ढकलत शेजारच्या भागात जायचे आणि दार लावून घ्यायचे. यासाठी मार्गिका किमान २.४ मीटर रुंद ठेवतात, समोरासमोरून दोन खाटा जाव्यात म्हणून. आपल्या इस्पितळांतल्या मार्गिकांमध्ये काय काय ठेवलेले असते ते वाचकांनी पाहिले आहे: मोडकी कपाटे, गाद्यांचे ढीग, कधी कधी जादा खाटा. “पाचशेच्या जागी सहाशे रुग्णांची सोय केली” असे आपण कौतुकाने छापतो, तेव्हा ते वरचे शंभर बहुधा या पळवाटेतच निजलेले असतात.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. सतरा मुले होती. सात वाचविता आली. दहा गेली. त्यांतल्या काहींची नावेही ठेवली गेलेली नसतील. त्या मुलांना पळणे तर दूरच, खाटेची गरजसुद्धा नव्हती. लागत होती ती धुराची चाहूल वेळेवर देणारी एक घंटा, छतातून आपोआप पडणारे पाणी, आणि एक जागा माणूस. त्यावर मी आणखी काही लिहिणार नाही.

आता ससूनच्या अकरा मजल्यांकडे परत येते. हा सांगाडा कित्येक वर्षे नुसता उभा होता. दहा वर्षांहून अधिक काळ काम रेंगाळले. कधी निधी नाही, कधी आतले काम नाही. स्टेशनवर उतरणाऱ्या एका अख्ख्या पिढीने त्याच्या रिकाम्या खिडक्या पाहिल्या. मग २०२० साली साथ आली, आणि जे दशकात झाले नव्हते ते काही आठवड्यांत झाले. एप्रिलमध्ये त्या इमारतीत रुग्ण दाखल होऊ लागले. मला याचा आनंद झाला आणि रागही आला. जे काही आठवड्यांत होऊ शकत होते, ते इतकी वर्षे होऊ न देता आपण तिच्या सावलीतून ये-जा करीत होतो.

त्याच सुमारास चीनमधल्या वुहान शहराची कथा सगळ्यांच्या तोंडी होती. २३ जानेवारी २०२० रोजी काम सुरू केले आणि २ फेब्रुवारीला हजार खाटांचे इस्पितळ तयार. चौतीस हजार चौरस मीटर बांधकाम, सात हजारांवर कामगार, रात्रंदिवस. आपण त्या दहा दिवसांचेच गोडवे गायले. त्या हजार खाटांसाठी लष्कराचे चौदाशे वैद्यकीय कर्मचारी पाठविले होते, हे फार थोड्यांनी लक्षात घेतले. तेथे खाटा कमी होत्या, माणसे जास्त.

पुण्यातही त्या वर्षी ऑगस्टमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर आठशे खाटांचे तात्पुरते रुग्णालय तीनएक आठवड्यांत उभे राहिले. अभियंत्यांनी कमाल केली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत रुग्णांच्या हेळसांडीच्या तक्रारींनी वर्तमानपत्रे भरली, आणि महिन्याच्या आत-बाहेर व्यवस्था चालविणारी संस्था बदलावी लागली. तंबू उभा करायला जेवढे दिवस लागतात, तेवढ्या दिवसांत परिचारिका तयार होत नाही. तिला तीन-चार वर्षे लागतात, आणि चांगली परिचारिका व्हायला त्याहून बरीच अधिक.

हाही हिशेब मी भाऊजींच्या वहीच्या कोऱ्या पानावर मांडून पाहिला. सर्वसाधारण वॉर्डात एका पाळीला सहा खाटांमागे एक परिचारिका, असे माफक प्रमाण धरले. हजार खाटांना एका पाळीला १६७. दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे पाचशे. रजा, आजारपण, सुट्टी यांसाठी शेकडा तीस वरकड, म्हणजे साडेसहाशे. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक लागते, ती यात धरलेलीच नाही. डॉक्टर वेगळे, तंत्रज्ञ वेगळे, आणि ज्यांना आपण “मामा” आणि “मावशी” म्हणतो, ते वॉर्डबॉय आणि आया वेगळ्या. (सगळ्या इस्पितळात नात्याच्या नावाने हाक मारली जाते ती या दोघांनाच, आणि पगार सर्वांत कमी तो यांचाच.) इमारत एकदा बांधायची असते. या माणसांचा पगार दर महिन्याला द्यायचा असतो, आणि तो समारंभपूर्वक देता येत नाही. पगाराची कोनशिला बसवून तिच्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही.

शुश्रूषा हा शब्द आपण सेवा या अर्थाने वापरतो. त्याचा मूळ संस्कृत अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. “श्रु” धातूचे ते इच्छादर्शक रूप. रात्री तीन वाजता खाटेवरच्या माणसाने हाक मारली, तर ती ऐकायला कोणी असावे, आणि त्याला ती ऐकण्याची इच्छा असावी. नाइटिंगेलबाईंच्या लांबट वॉर्डात एका नजरेत बत्तीस खाटा दिसत. आजच्या स्वतंत्र खोल्यांच्या मजल्यावर एका परिचारिकेला एका वेळी एकच दार दिसते, बाकीचे काम उशाच्या घंटेवर. खोल्यांनी एकान्त दिला, संसर्ग कमी केला, हे खरेच. पण खोल्या वाढल्या की फेऱ्या वाढतात, आणि तिचे पाय तेच राहतात.

परतताना भाऊजींनी नकाशे पसरले. निळ्या रेषांत सगळे होते: रुग्ण, डॉक्टर, शव, कचरा, मोटारी, प्रत्येकाला जायला-यायला वेगळी वाट. मी विचारले, “आणि नातेवाईक?” आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही. परगावच्या माणसाबरोबर दोघे-तिघे येतात, आणि महिनाभर जिन्याखाली, झाडाखाली, फाटकाबाहेरच्या फुटपाथवर राहतात. एकाने स्टोव्ह सांभाळायचा, एकाने औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावायचे, एकाने खाटेशी बसायचे. खरे सांगायचे तर त्या कमी पडणाऱ्या परिचारिकांचे निम्मे काम हीच माणसे फुकट करतात. हजार खाटा म्हटल्या की दोन हजार माणसे अशी, जी कोणत्याही मानकात नाहीत.

मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गावोगावचे रुग्ण आणि त्यांची माणसे तेथे उतरतात. अंथरूण मिळते, जेवण मिळते, आणि पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबता येते. बाबा स्वतः १९५६ साली गेले. इस्पितळ बांधणे हे त्यांचे काम नव्हते. पण इस्पितळाला काय कमी पडते, हे ते बिनचूक ओळखत होते, कारण ते फुटपाथवरच्या माणसाच्या बाजूने त्याच्याकडे पाहत.

भाऊजींनी नकाशाच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवले. तेथे आधी नातेवाइकांसाठी दोन मजली निवास आखलेला होता, साठ माणसांचा. त्यावर लाल शाईने फुली होती आणि बाजूला लिहिले होते: वाहनतळ. “बैठकीत उडालं,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यात आणखी एक बैठक आहे. तेव्हा पुन्हा मांडतो. वहिनी, तो तुमचा साडेसहाशेचा कागद तेवढा माझ्याकडे राहू द्या.” मी वहीतले ते पान फाडून त्यांना दिले.